उपासाची हिरवी चटणी

सहादेव: हलू नको, रवीची आई. तुझ्या दाताला काय लागलंय? हिरवं?

रतनबाई: मिरची आसंल. माझं दात कशाला बगताय? त्या दाराकडं बगा. आत पोराचं पोट उघडलंय.

सहादेव: दाराकडं बगूनबगून डोळं शिनलं, म्हनून जरा हिकडं बघितलं. अन् मिरची न्हाई ती. मिरची वाटल्यावर पान निघत न्हाई. हे पान हाय.

रतनबाई: कसलं पान? मोनिका, तळल्याल्या बटाट्यासंगं आनलीस त्या चटनीत काय काय हाय?

मोनिका: दही आहे, आई. शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, मीठ, जिरं...

रतनबाई: अन्?

मोनिका: आणि थोडी कोथिंबीर.

रतनबाई: आगं आई आई आई!

सहादेव: हळू. दवाखाना हाय. भिंतीवर पाटी लावलीय, शांतता राखा.

रतनबाई: पाटी गेली चुलीत! माझा उपास मोडला! गाठ सापडल्यापासनं एक सोमवार चुकवला न्हाई म्या. म्हादेवाला बोलले, पोराच्या पोटातली गाठ निघंस्तवर तुझा सोमवार मोडायची न्हाई. आज ती निघायची, आज सोमवार, अन् आजच ह्या पोरीनं मला कोथिंबीर चारली!

मोनिका: आई, आमच्या श्रीरामपूरला उपवासाला चालते कोथिंबीर. माझी आजी चतुर्थीला बटाटे तळायची, तेव्हा बुडवायला हीच चटणी असायची.

रतनबाई: तुमच्या श्रीरामपूरला काय बी चालंल. रेल्वे येती तिथं. आमच्या नगरच्या कर्जतला न्हाई चालत. चार वर्सं झाली लग्नाला, अजून ठावं न्हाई तुला?

मोनिका: ठाऊक आहे.

रतनबाई: ठावं हाय? ठावं आसून घातलीस?

मोनिका: मी डबा पिशवीत ठेवते, आई.

रतनबाई: बगा! आता डब्याआड लपती!

सहादेव: तसं बघाया गेलं तर ह्या बाबतीत जिल्ह्यात एकवाक्यता न्हाईच. सारी नोकरी एसटीत तिकिटं फाडली म्या, सगळ्या स्टँडवर खाल्लं. बटाटा सगळीकडं त्योच. पर बुडवायचं टप्प्याटप्प्याला बदलतं. श्रीरामपूरला पातळ हिरवी चटनी, भज्यावर पळीनं वततात. सोनईला चिंचेची, गूळ घातलेली. पाथर्डीच्या अंगाला नुसता ठेचा, त्यो बी मागितला तर. आपल्या कर्जतला शेंगदान्याची कोरडी. ती बुडवायची न्हाई, बटाटा नुसता तिच्यावर टेकवायचा. अन् एकदा नाशकाच्या गाडीवर ड्युटी हुती, तवा एका हाटेलात...

रतनबाई: आवो, आत पोरगं मरनाच्या दारात पडलंय अन् तुमी हाटेलं काय सांगताय!

सहादेव: बोललो न्हाई तर मी बी मरंन, म्हनून बोलतोय.

मोनिका: दादा, डॉक्टर म्हणाले होते दुपारच्या आत बाहेर आणू. दुपार कधीच झाली.

सहादेव: म्हाईत हाय. गाडी लेट हाय. लेट झाली म्हंजी पलटी झाली आसं न्हाई.

रतनबाई: कोथिंबिरीनं अडवली ती! म्या गिळली अन् आत गाडी थांबली. आता कुनाच्या पाया पडू? देवाला काय तोंड दाखवू?

सहादेव: थांब. आपन इचारू कुनाला तरी. देव काय एकट्या कर्जतचा न्हाई. जिथं कोथिंबीर चालत आसंल तिथलं मान्य करून घेऊ. सोनईला पुष्पी हाय. माझी सख्खी भन, माझ्याच आईच्या हाताखाली शिकलेली. लावतो फोन.

रतनबाई: लावा. लावा लवकर.

सहादेव: हॅलो, पुष्पे? दादा बोलतोय. न्हाई, अजून आतच हाय. तू रडू नको, हितं एकजन हाय रडाया. मला एक सांग, उपासाला तुमच्यात कोथिंबीर चालती का? ...आगं, डोक्यावर परिनाम न्हाई झाला माझ्या. सांग की. ...चालती? नक्की? सासू बी खायाची? बरं. शाबास! ...काय? जिरं? न्हाई चालत? अजिबातच न्हाई? ...बरं, ठेव.

रतनबाई: काय म्हनली?

सहादेव: कोथिंबिरीतनं सोडवलं अन् जिऱ्यात धरलं.

रतनबाई: जिरं तर आपल्यात चालतं!

सहादेव: मग आपलं जिरं धर अन् पुष्पीची कोथिंबीर धर.

रतनबाई: आसं अर्धं हितलं अर्धं तितलं देवाला चालंल व्हय? त्यो काय दोन तिकिटं जोडून देतोय का?

सहादेव: मग वैजनाथला इचारतो. माझ्या गाडीवर ड्रायव्हर हुता, आता गावाकडं ऱ्हातो, बुलढान्याकडं. लई धार्मिक मानूस. शनिवारी चालत्या गाडीत मारुतीला हात जोडायचा, दोन्ही. हॅलो, वैजनाथ? सहादेव, कर्जत डेपो. ...आरं, पोराचं आपरेशन चालू हाय. ...व्हय, नगरला. एक सांग, तुमच्याकडं उपासाला बटाटं तळल्यावर त्याच्यासंगं काय घेतात? ...दह्याची चटनी. बरं. कोथिंबीर? ...चालती! जिरं? ...ते बी चालतं! वैजनाथ, तुजं लई उपकार झालं बाबा. ...आं? तेल? कुठल्या तेलात म्हंजी? ...थांब हां. मोनिका, कशात तळलंस?

मोनिका: सूर्यफुलाच्या तेलात.

सहादेव: वैजनाथ, सूर्यफूल. ...बरं. ...बरं. न्हाई, तुजा काय दोष त्यात. ठेवतो.

रतनबाई: काय म्हनला?

सहादेव: त्यांच्याकडं उपासाला फकस्त शेंगदान्याचं तेल.

रतनबाई: घ्या! एक आडकाठी काढाया जातोय तर दुसरी निघती!

मोनिका: दादा, नका ना आता कुणाला विचारू.

सहादेव: शेवटचा फोन. कडूआत्या. आपल्या घरचं सोवळंओवळं तिनंच घालून दिल्यालं हाय. ती म्हनंल ते खरं. ...वाजतोय. वाजतोय. उचलत न्हाई. सोमवार हाय, म्हादेवाच्या देवळात बसली आसंल. तिथं ती फोन घेत न्हाई.

रतनबाई: आत्याबाई काय म्हनतील ते मला म्हाईत हाय. कशाला इचारताय?

(ऑपरेशन थिएटरचं दार अर्धं उघडतं. नर्स सहादेवला खुणेनं बोलावते. तो जातो, दारातच दोन शब्द ऐकतो आणि परत येतो.)

रतनबाई: काय झालं? आवो, काय झालं?

सहादेव: रक्त लई चाललंय म्हनं. गाठ एका शिरंला चिकटलेली हुती, सोडवताना शीर फाटली. रक्त हाय त्यांच्याकडं, लावतायत. दोन डॉक्टर आनखी गेलेत आत. बसा म्हनली.

मोनिका: दादा, वाचतील ना?

सहादेव: बसा म्हनली फकस्त.

रतनबाई: झालं. झालं समदं. मारलंस गं, मोनिका. माझ्या पोराला चटनी वाटून मारलंस! पैल्या दिसापासनं बगती मी, आमचं एक कशाला तुला पटत न्हाई. आमटीत गूळ घालशील, भाकरीला तूप लावशील, आमची रीत मोडशील. मोड म्हनलं, मोड बाई, पोरगं खुश हाय ना, मोड. पर आज तरी दम धरायचा हुता! एक दीस!

सहादेव: रवीची आई, बास.

रतनबाई: का बास? ठावं आसून घातली म्हनती! का घातलीस? सांग की! का घातलीस?

मोनिका: त्यांनी सांगितली म्हणून घातली!

रतनबाई: कुनी?

मोनिका: ह्यांनी. रविराजनी. तुमच्या पोरानं. तुम्ही सोमवारी त्या तळलेल्या फोडी कोरड्याच खाता. पाण्याचा घोट घेऊन गिळता. ते समोर बसून बघायचे. म्हणाले, आईच्या घशाला टोचतं, ती सांगत नाही, पण मला दिसतं. वाळत चाललीय ती माझ्यापायी. उद्या मी आत असेन, तेव्हा ती तेवढंही खायची नाही. तुझी ती हिरवी चटणी कर. बुडवून खाल्लं की घशाखाली उतरतं, चार फोडी जास्त जातील.

रतनबाई: अन् कोथिंबीर?

मोनिका: मी म्हटलं, आईंना कोथिंबीर चालत नाही. तर म्हणाले, एकदम बारीक वाट, दिसली नाही म्हणजे झालं. आणि तिला सांगायचं नाही. शपथ घातली मला स्वतःची. मी बारीकच वाटत होते हो, आई. मध्येच लाईट गेली. म्हणून ते पान राहिलं.

सहादेव: मग मगाशीच का न्हाई बोललीस, पोरी? इतकं ऐकून घेतलंस.

मोनिका: ते आत असताना त्यांची शपथ कशी मोडू? मी ती धरून बसले होते. आता तीही मोडली. आईंचा उपास मोडला, माझी शपथ मोडली. आता मागे काहीच राहिलं नाही.

रतनबाई: त्यो म्हनला, घशाला टोचतंय?

मोनिका: हो.

रतनबाई: म्या कदी बोलले न्हाई.

मोनिका: त्यांना दिसायचं.

रतनबाई: ...तवा चार जास्त जातील म्हनला?

मोनिका: हो, आई.

रतनबाई: म्या तर एकच खाल्ली. दुसरी तोंडात हुती तवर ह्यांना पान दिसलं.

सहादेव: माजी नजर आशीच. बिनतिकिटाचा मानूस लगीच दिसायचा मला.

रतनबाई: डबा कुठाय?

मोनिका: पिशवीत ठेवला.

रतनबाई: काढ. चटनी बी काढ.

सहादेव: आगं, मोडल्याला उपास आनखी कशाला मोडतीस?

रतनबाई: मोडल्याला न्हाई. म्या भिऊन अर्ध्यात टाकला म्हंजी मोडला. पोरानं कराया लावलेलं पोटभर खाल्लं म्हंजी चालला. त्याचंच पोट, त्याचाच जीव, त्याच्यासाठीच उपास. त्याला चालती तर म्हादेवाला का चालू नये? इचारू तरी दे त्या देवाला माझ्याम्होरं येऊन!

मोनिका: आई, गार झाल्यात त्या.

रतनबाई: आसू दे.

सहादेव: रडत रडत खाऊ नको. ठसका लागंल.

रतनबाई: उतरतंय की. खरंच उतरतंय. ...तू बी घे गं. सकाळपासनं तोंडात पानी न्हाई तुझ्या.

मोनिका: मला नाही जात, आई.

रतनबाई: बुडव. बुडवून खा. जातंय.

सहादेव: मला बी एक दे. माजा उपास न्हाई, पर सकाळपासनं मी बी उपाशीच हाय.

रतनबाई: घ्या. तेलाचं काय बोलू नका.

सहादेव: न्हाई बोलत.

मोनिका: दादा, दार! दार उघडलं. तुम्हालाच बोलावतायत. जा ना, दादा.

रतनबाई: जावा! ...मोनिका, हात दे तुझा. तिकडं बघू नको. ह्यांच्या पाठीकडं बी बघू नको. डोळं मीट.

मोनिका: आले. आले ते.

रतनबाई: काय म्हनलं? आवो, बोला की! दिसभर हाटेलं सांगितली, आता पोराचं सांगा!

सहादेव: ...थांबलं.

रतनबाई: काय थांबलं?

सहादेव: रक्त. रक्त थांबलं. शीर शिवली. गाठ निघाली सबंध. तपासाया धाडनार हायेत. आज रात आतच ठेवतील, सांजच्याला एकेकानं लांबून बघायचं म्हनं.

मोनिका: आई...

रतनबाई: रड. आता रड. म्या धरलंय.

सहादेव: फोन वाजतोय. कडूआत्या. काय सांगू तिला?

रतनबाई: आना हिकडं. मी बोलते. ...हॅलो, आत्याबाई. व्हय, निघाली गाठ, आत्ताच. तुमचा आशीर्वाद. ...न्हाई, ह्यांनी आसाच लावल्ता मगाशी. ...खाल्लं की. उपासाचंच खाल्लं. बटाटं तळून आनल्ते सुनंनं, हिरव्या चटनीत बुडवून खाल्लं. ...व्हय, कोथिंबिरीची. ...चालती की, आत्याबाई. आमच्यात चालती. ...कवापासनं म्हंजी? पैल्यापासनंच.