दरवर्षीचं गाऱ्हाणं

आत्माराम : पुन्हा एकदा कर बघू.

यमुना : काय पुन्हा?

आत्माराम : आत्ता केलंस ते. दाराच्या चौकटीला टेकलीस, हात कपाळाशी धरलास आणि पाखाडीच्या पायऱ्यांकडे बघितलंस.

यमुना : ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून धरला हात. पालखी कुठवर आली ते बघत होत्ये. त्यात पुन्हा करण्यासारखं काय आहे? उठा तुम्ही, आंघोळ आटपा. धुतलेलं धोतर काढून ठेवलंय.

आत्माराम : आटपतो गं. पालखी अजून सखारामाच्या घरापुढं खळ्यात नाचतेय, ढोल ऐकू येतोय. आधी सांग, हात धरलास तेव्हा डावा पाय मागं का गेला?

यमुना : अगो बाई! लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर माझ्या पायांची चौकशी? काल रत्नागिरीला मोटारीतनं उतरून घरी आलात तेव्हापासनं बघत्येय मी. भात वाढत्येय तर बघताय, तुळशीला पाणी घालत्येय तर बघताय. मला मेलीला वाटलं... जाऊ दे.

आत्माराम : काय वाटलं?

यमुना : वाटायचं ते वाटलं. तेरा वर्षांनी नवरा शिमग्याला घरी येतो आणि डोळे भरून बघतो, तर बाईला काय वाटावं? चिमाकाकूसुद्धा म्हणाली, "यमुने, पावला हो तुला देव."

आत्माराम : खोटं नाही सांगत. मी कामासाठी बघत होतो.

यमुना : कसल्या कामासाठी?

आत्माराम : बोलपटात मोठं काम मिळालंय. पहिल्यांदाच! म्हातारा बाप आहे. मुलगा आफ्रिकेला गेलेला. बाप रोज दारात उभा राहून त्याची वाट बघतो. अकरा प्रसंग आहेत, यमुने. आजवर काय केलं मी? मुनीम, पुजारी, फौजदार. यायचं, दोन वाक्यं बोलायची, जायचं.

यमुना : टपालवालाही झाला होतात. गेल्या वर्षी मैदानात तंबू लागला होता, तिथं बघितलं मी. त्या बाईला म्हणालात, "आज काही नाही, बाई." मी तंबूत मोठ्यांदा म्हटलं, "ह्यांच्याकडनं मला तर कधीच काही नसतं!" सगळ्या बायका हसल्या.

आत्माराम : तूही हसलीस?

यमुना : मी बघत होत्ये, केवढे सुकलात ते. तेवढ्यात तुम्ही गेलात पडद्यावरनं. पुढं काय झालं, मला आठवत नाही.

आत्माराम : हे काम मात्र जमत नाहीय. तीन तालमी झाल्या. डायरेक्टर सगळ्यांसमोर ओरडला, "आत्मारामपंत, तुम्ही मुलाची वाट बघताय की मोटारीची?" उद्या शेवटची तालीम, परवा कॅमेरा लागणार. नाही जमलं तर काम दुसऱ्याला जाईल.

यमुना : आणि मग तुम्हाला बायको आठवली.

आत्माराम : म्हटलं, वाट बघणारं माणूस माझ्या घरातच आहे. ते सोडून मी कुठं शिकायला जाऊ?

यमुना : आणि मी पत्र घातलं होतं त्याचं काय? हरिश्चंद्रभावोजींच्या हातापाया पडून लिहून घेतलं. "घरात पुरुष नाही, यंदा तरी पालखीला खांदा द्यायला या." मिळालं नाही ते?

आत्माराम : मिळालं. खिशातच आहे.

यमुना : पण पत्रासाठी आला नाहीत.

आत्माराम : दोन्हीसाठी आलो म्हटलं तर?

यमुना : तर मी म्हणेन, नट बरे आहात हो तुम्ही.

आत्माराम : असं टाकून बोलू नको.

यमुना : का नको? तुम्ही आधीही माझं नेलंयत. चोवीस साली तुमची नाटक कंपनी इथं आली होती, तुम्ही नायिका. लुगडं नेसून आलात आणि सगळं थिएटर गप्प. मी बायकांत बसल्ये होत्ये. तुम्ही रुसून बसलात नि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागलात. शेजारची म्हणाली, "अगो, ही तर तू!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या खोलीतलं माझं रुसणं तुम्ही गावाला दाखवलंत.

आत्माराम : लोकांनी तीनदा टाळ्या दिल्या त्याला.

यमुना : दिल्या ना. त्यानंतर मला धड रुसताच आलं नाही. पदर हातात घेतला की वाटायचं, हे आता ह्यांचं झालं. आणि रुसायला समोर होतं कोण?

आत्माराम : त्याच रुसण्यावर मी पुढं सहा वर्षं जगलो, यमुने. मग गाल सुटले, आवाज घोगरा झाला. नाटकात बायका स्वतःच उभ्या राहायला लागल्या. कंपनी बुडाली. कोल्हापुरात स्टुडिओच्या दारात तीन महिने उभा होतो, तेव्हा कुठं मिशा चिकटवून मुनीम केला मला. कुठल्या तोंडानं घरी येऊ? म्हटलं, जरा बरं काम मिळू दे, मग जाऊ. पुढच्या वर्षी जाऊ. असं करता करता...

यमुना : तेरा शिमगे गेले.

आत्माराम : एकदाच दाखव गं. बाराची मोटार आहे.

यमुना : बाराची? आजची? पालखी दारात यायच्या आत?

आत्माराम : उद्या तालीम आहे, सांगितलं ना. पालखी अकरापर्यंत येईल म्हणाली होतीस तू.

यमुना : देवाला घड्याळ असतं काय? बरं. घ्या बघून. ही उभी राहिल्ये दारात. हा हात, हा पाय.

आत्माराम : हे ते नव्हे. मघाशी होतं तसं कर. खांदे नको उचलूस.

यमुना : मघाशी मी पालखीची वाट बघत होत्ये. तुमची कशी बघू? तुम्ही समोर बसलायत.

आत्माराम : समज, मी इथं नाही.

यमुना : तेरा वर्षं तेच समजत आल्ये. आता तुम्ही दिसताय, तर डोळे ऐकत नाहीत. नाही जमत मला. माझं काय नाटक आहे?

आत्माराम : मग निघतो मी. रागावू नको. ट्रंक कुठं ठेवलीस?

यमुना : तिथंच, कोनाड्याखाली. थांबा, कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय ते घ्या. दरवर्षी बांधत्ये. यंदा न्यायला माणूस तरी आहे.

आत्माराम : यमुने...

यमुना : जा म्हटलं ना. पाखाडी जपून उतरा, चौथी पायरी सुटल्येय.

आत्माराम : (अंगणाच्या गडग्याबाहेर पोचून, वळून) यमुने! हलू नको! तशीच राहा!

यमुना : आता काय विसरलात?

आत्माराम : हेच ते! हात नव्हे गो, नजर. मी इथं गडग्यापाशी उभा आहे आणि तू पार खाली, पाखाडीच्या वळणाकडे बघतेयस.

यमुना : जाणारं माणूस तिथं शेवटचं दिसतं. येणारंही पहिलं तिथंच दिसतं. म्हणून डोळे आपसूक तिकडे जातात.

आत्माराम : रोज उभी राहतेस?

यमुना : रोज कशाला? मला कामं नाहीत? मोटारीच्या वेळेला. आणि आगबोट लागते त्या दिवशी. पावसात आगबोट बंद असते, तेव्हा तेवढीच उसंत.

आत्माराम : मला वाटलं होतं, तुला आता सवय झाली असेल.

यमुना : झाली की. सवय झाली म्हणजे दुखत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला? मला तुम्ही हवे होतात. पडद्यावरचा टपालवाला नको होता. पाटावर बसून आमटीत मीठ कमी म्हणणारं माणूस हवं होतं. एवढंच. जा आता, मिळालं ना तुमचं काम? मोटार सुटेल.

आत्माराम : ढोल कुठं आला गो?

यमुना : विहिरीपाशी. इकडेच वळतोय.

आत्माराम : ही ट्रंक घे आत.

यमुना : आणि तालीम?

आत्माराम : चुकेल. डायरेक्टर बोंब मारेल. मारू दे, शिमगाच आहे. उद्याच्या मोटारीनं जातो.

यमुना : उद्याच्या.

आत्माराम : परवा कॅमेरा आहे ना गो.

यमुना : बरं. एक दिवस तर एक दिवस. पाय धुवा, डोक्याला टोपी घाला. नारळ देवापाशी ठेवलाय. खांदा नीट द्याल ना? पालखी जड असते हो.

आत्माराम : देईन. आणि गाऱ्हाणं? मानकरी विचारेल ना, देवाकडे काय मागायचं म्हणून. इतकी वर्षं काय सांगायचीस तू?

यमुना : एकच. "घरचं माणूस घराला येऊ दे, महाराजा." भावोजी नारळ धरायचे, मी दाराआडनं सांगायचे.

आत्माराम : आता तर मीच खळ्यात उभा असणार. नारळ माझ्याच हातात. यंदा काय सांगू?

यमुना : दरवर्षीचंच सांगा.