उरलेल्या बेचाळीस ओव्या

मी, बंदरात मास्तरीणबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ६८ वर्षे, धंदा: निवृत्त शिक्षिका, राहणार: खाडीच्या तोंडाशी नांगरलेली शिडाची नौका, हल्ली राहण्यास जागा नाही, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

माझे यजमान, वय ७१ वर्षे, पूर्वी जहाजांच्या गोदीत लोखंडी पत्रे जोडण्याचे काम करीत. त्यांच्या निवृत्तीनंतर गेली अकरा वर्षे आम्ही उभयता याच नौकेवर राहतो. नौकेची लांबी नऊ मीटर. सहा महिने दक्षिणेकडील बेटांतून फिरतो आणि वाऱ्याचे दिवस या खाडीत काढतो. लोकांना वाटते, म्हातारा-म्हातारी मौज करीत हिंडतात. मौज म्हणजे गंज खरवडणे, फाटलेले शीड शिवणे आणि ताडपत्रीवर पावसाचे पाणी धरणे. तरीही मी ही अकरा वर्षे कोणाशी बदलणार नाही. यजमानांना बेटे नावाने आठवत नाहीत, तळाने आठवतात. इथे वाळू, तिथे चिखल, पलीकडे पोवळ्याचा चुरा. नौकेचा ते इतका लाड करीत की मी तिला सवत म्हणत असे. "सवतीला आधी न्हाऊ घाला, मग माझ्याकडे बघा," असे मी म्हटले की ते म्हणत, "ती निदान उलट बोलत नाही."

आमच्या घरात कामाची वाटणी अशी की, समुद्र त्यांचा आणि देव माझा. रोज सकाळी पावणेसात ते सव्वासात मी खालच्या खोलीत पोथीचा पाठ करते. पाठ सुरू असता मध्येच उठायचे नाही, बोलायचे नाही, असा माझा नियम आहे. त्या अर्ध्या तासात यजमान वर डेकवर बसून राहतात. एकदा वादळात डोलकाठीचा दोर तुटला, तेव्हाही ते वरून ओरडले, "मास्तरीणबाई, तुमचं चालू द्या. देवाशी बोलणारं एक माणूस घरात असलेलं बरं." मी उठले नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, हेही लिहून घ्यावे.

गेल्या सोमवारी सायंकाळी पाच वाजता प्रवाशांना भाड्याने देण्याची एक मोठी नौका खाडीत आली. तिचा कप्तान लाल टोपी घालतो, वय अंदाजे पस्तीस. त्याने आपला नांगर आमच्या साखळीवर आडवा टाकला. आधीपासून नांगरलेल्याच्या साखळीपासून दूर राहावे आणि चूक झाल्यास नंतर आलेल्याने जागा बदलावी, हा समुद्रावरचा साधा शिष्टाचार आहे. यजमानांनी छोट्या होडीतून जाऊन त्यास समजावले. मी डेकवरून ऐकत होते.

यजमान म्हणाले, "कप्तान, तुमचा नांगर आमच्या साखळीवर पडलाय. आता हलवायचा नसेल तर राहू द्या. पण सकाळी उचलताना आम्हाला हाक मारा, आम्ही साखळी सैल सोडतो."

त्यावर तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका हो. आमचं रोजचंच आहे."

"रोजचंच आहे म्हणूनच सांगतोय," असे म्हणून यजमान परत आले.

मंगळवारी सकाळी सहा वाजता यजमानांनी नेहमीप्रमाणे पाण्यात बुडी मारून आमचा नांगर पाहिला. वर आल्यावर ते म्हणाले, "दाढेसारखा रुतलाय." हे त्यांचेच शब्द आहेत. त्यानंतर पिण्याचे पाणी संपल्याचे माझ्या लक्षात आले. धक्क्यावरील नळ सातला सुटतो व साडेसातला बंद होतो. यजमान म्हणाले, "तुझा पाठ होऊ दे, मग जातो." मी म्हणाले, "मग धक्क्यावर पोचेतो नळ बंद होईल. आत्ताच जा." ते होडी घेऊन गेले. अकरा वर्षांत पाठाच्या वेळी ते नौकेवर नव्हते, असा हा पहिलाच दिवस. त्यांना मी पाठविले.

बरोबर सात वाजून पाच मिनिटांनी शेजारच्या नौकेवरील साखळी ओढण्याचे यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. समोर घड्याळ होते. लगेच आमची साखळी तळावरून उचलली गेली. तो घरघराट लाकडातून पायांच्या तळव्यांना कळतो. माणसाला स्वतःचा दात उपटलेला कळतो, तसा. डोक्यावरील झडप उघडी होती. त्यातून कप्तानाचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "अरे, म्हातारीचा नांगर आला बघ बरोबर! सोड, सोड. टाक तसाच. काही होत नाही, निघ." कोणी बाई हसली. मग आमचा नांगर पाण्यात पडल्याचा आवाज झाला. रुतविलेला नांगर उपटून पाण्यात फेकणे म्हणजे उंबरठ्यावरचे दार काढून अंगणात टाकणे होय. हे त्या इसमास ठाऊक होते. हाक मारण्यास तोंड होते. मारली नाही.

त्या वेळी माझ्या बेचाळीस ओव्या उरल्या होत्या.

येथे जबाब लिहून घेणारे हवालदार थांबले व म्हणाले, "काकू, हे नको. तुम्ही ऐकलंत असं लिहिलं, की त्यांचा वकील पहिलं हेच विचारणार, मग उठला का नाहीत? 'आत होते, नीट समजलं नाही' असं लिहितो. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

मी त्यांना सांगितले की, मी आयुष्यभर मुलींना निबंधात खोटे लिहू नका असे शिकविले आहे. शिवाय कप्तानाने असा जबाब दिला आहे की, आमचा नांगर रात्रीच आपोआप सरकला होता. बंदराचे अधिकारीही माझ्या तोंडावर म्हणाले, "वय झालंय, कच्चा टाकला असेल. आता तुम्ही किनाऱ्यावर राहिलेलं बरं." नौकेवर राहण्याचा आमचा परवाना ते रद्द करणार आहेत. यजमान रुग्णालयात आहेत. हात गेल्याचे ऐकून त्यांनी फक्त मान हलवली. नांगर कच्चा होता असे लोक म्हणतात, हे कानावर गेल्यावर मात्र त्यांनी भिंतीकडे तोंड केले. तेव्हापासून ते माझ्याशीही बोललेले नाहीत. तो नांगर उपटला गेला, याचा माझ्या दोन कानांखेरीज पुरावा नाही. कान द्यायचे तर पाय का हलले नाहीत, तेही द्यावे लागेल. लिहा.

मी ऐकले. मला कळले. मी उठले नाही. नऊ मिनिटे मी ओव्या म्हणत होते, एकही अक्षर चुकले नाही. नमस्कार करून वर आले तेव्हा नौका वाहत गेली होती व काठचे खडक पन्नास-साठ मीटरवर होते. मी भोंगा वाजविला. पाणी भरून परतणारे यजमान जोराने वल्ही मारीत आले, कॅन होडीतच टाकून वर चढले, "सुकाणू धर!" म्हणाले व दुसरा नांगर हाताने फेकला. त्याच्या दोराचा वेढा त्यांच्या उजव्या हाताला बसला. दोर ताणला गेला. नौका थांबली नाही. ती पोवळ्याच्या खडकावर आपटून कलली, तळाला हातभर भगदाड पडले आहे. यजमानांची तीन बोटे जागीच गेली, उरलेला पंजा डॉक्टरांनी काढला.

माझी त्या लाल टोपीच्या कप्तानाविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे. हाक न मारल्याबद्दल, नांगर उपटून फेकल्याबद्दल आणि एका जाणत्या खलाशाच्या माथी खोटे मारल्याबद्दल. त्याला क्षमा करावी, असे मला या ठाण्यात दोघांनी सुचविले. क्षमा कशाला म्हणतात, हे मी त्यांच्यापेक्षा जास्त वाचले आहे. मी करीत नाही. त्या नऊ मिनिटांबद्दल मला जे विचारायचे ते न्यायालयाने खुशाल विचारावे. नियम देवाने घातला नव्हता, मी घातला होता. त्या बेचाळीस ओव्या देवापर्यंत पोचल्या असतील असे मला वाटत नाही.

हा जबाब मला वाचून दाखविण्यात आला. मी चष्मा लावून स्वतःही वाचला. "स्पष्ट ऐकू आला" या शब्दांआधी हवालदारांनी "बहुधा" घातले होते, ते खोडून तेथे सही केली आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मी ऐकले होते, हे यजमानांना अद्याप ठाऊक नाही. याची एक प्रत मला मिळावी. ती मी आज रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसून वाचणार आहे. त्यांनी मध्येच थांब म्हटले, तर थांबणार आहे.