पुसलेली नावं

वाशीच्या दुरुस्तीच्या दुकानात वैजयंती बिघडलेला मिक्सर घेऊन उभी होती. तिच्यापुढची कॉलेजातली मुलगी व्हिडिओ गेमची कॅसेट पुढे सरकवून दुकानदाराशी भांडत होती.

“काका, ही परत घ्या.”

“चालत नाही का?”

“चालते. पण मामूंनी दुबईहून आणलेल्या कॅसेटमध्ये गेम बनवणाऱ्यांची नावं येतात. तुमच्या या नकली कॅसेटमध्ये ती पुसून टाकलीत.”

“नावं कोण वाचतं गं?”

“मी वाचते. याच लोकांच्या गेममध्ये उडी चुकली तर हवेतल्या हवेत मागं वळता येतं. बाकीचे सरळ खड्ड्यात घालतात.”

“मग उडी तीच आहे ना? खेळ की.”

“उडी त्यांची वापरायची आणि नाव पुसायचं? ही कुठली रीत?”

“टेन्शन नको घेऊ, दुसरी देतो.”

“तिच्यातही पुसलेलीच असणार. ठेवा तुमच्याकडेच.”

मुलगी तरातरा निघून गेली. दुकानदारानं पावतीपुस्तक ओढलं.

“बोला मॅडम. नेहमीसारखं मिस्टरांचंच नाव टाकतो.”

“वैजयंती लिहा. आणि पेन जरा दाबून चालवा, कार्बनखालीही उमटलं पाहिजे.”