पाच शेतांची नावं

कौशल्याबाई : ऊठ भिवा, म्हण. वडाचं, पाणंदीचं, विहिरीचं, माळाचं, वढ्याकडचं. पाची एका दमात म्हण, आन् मग खुशाल जा कामावर.

कस्तुरा : आत्याबाई, आज नका म्हणायला लावू त्यांना.

कौशल्याबाई : तुजा नवरा व्हायच्या आदी माजा ल्योक हाय त्यो. डाक्टर काय म्हनला व्हता? भ्यानं दम लागतोय, गोळ्या घ्या. पर एक वाक्य एका दमात न्हाई आलं, तर घरी ठिवू नका. म्हणून तर रोज म्हणवून घेते. काल म्हटली न्हवं पाची?

कस्तुरा : तुम्ही समोर उभ्या होतात म्हणून म्हटली. तुम्ही गोठ्याकडं वळलात की हे खाट धरून वाकतात. अर्धा अर्धा तास. मी हाक मारायला गेले की हातानंच गप्प बसवतात.

कौशल्याबाई : खरं व्हय रं?

भिवा : आठ दिस… ऱ्हायलेत, आई. मग… पर्मनंट. दवाखान्याचा कागद… कारखान्यात गेला की… नाव काढत्यात.

कौशल्याबाई : मी तरी काय येगळं म्हणते? पाची शेतं कारखान्यांच्या घशात गेली, तवा कुठं ही लोखंड ओतायला वाळूचे साचे भरायची नोकरी हाती लागली. आठ दिसांसाठी घालवू? ह्याच्या जोडीला कामाला असलेला मारुतराव मशिनीत गावला त्ये ह्यानं डोळ्यांनी बघितलं, तवापासनं छाती धडधडती. मन घट्ट कर भिवा. तुजा बाप न्हवता असा भित्रा.

कस्तुरा : ती भीती मी ओळखते. घाम येतो, हात गार पडतात. जवळ बसून पाठ चोळली की उतरते. आज पहाटेपासून पाठ चोळतेय मी. उतरत नाही. उजेडात आणा त्यांना. ओठ बघा.

कौशल्याबाई : सातवी शिकली म्हणून मला दावतीस व्हय… भिवा, हिकडं बघ. आरं, काय खाल्लंस? जांबळं?

भिवा : न्हाई…

कौशल्याबाई : म्हण बाबा. आईसाठी म्हण. वडाचं…

भिवा : वडाचं… पा…

कौशल्याबाई : पाणंदीचं. म्हण की रं. पाणंदीचं!

कस्तुरा : आत्याबाई.

कौशल्याबाई : उभी काय ऱ्हायलीस भवाने! पळ, शेजारच्या उद्धवरावाला टेम्पो काढ म्हण!

(टेम्पोत. कारखान्यांची पाळी सुटली आहे, रस्ताभर कामगारांच्या सायकली.)

कौशल्याबाई : बाजूला व्हा रं मुडद्यांनो! माणूस हाय आत! उद्धवा, हॉर्न दे.

कस्तुरा : देतायत ते. पुढं पाय ठेवायला जागा नाही.

कौशल्याबाई : कस्तुरे, आपलं पाणंदीचं शेत ह्याच रस्त्याखाली गेलंय. आन् आज मलाच हितनं वाट न्हाई.

भिवा : आई… विहि… विहिरीचं…

कौशल्याबाई : गप लेकरा. तू न्हाई म्हणायचं आता. नोकरी गेली खड्ड्यात. डोकं माज्या मांडीवर ठिव. मी म्हणते तुज्या वाटची. वडाचं, पाणंदीचं, विहिरीचं… माळाचं…

कस्तुरा : आत्याबाई, अजून एक राहिलं.

कौशल्याबाई : थांब जरा. दम पुरंना.