प्लास्टर काढायची घाई

हाडांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“आई, आज एकदाचं काढतील ना हे?”

“तुला कशाची एवढी घाई?”

“घाई नाही तर काय! ह्यांना भांडी घासताना बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘नवऱ्याला अगदी कामाला लावलंस गं!’ मी ऑफिसात गेले तर तिथले म्हणतात, हात मोडलाय तर घरी बस की. घरी बसले तर म्हणतात, बायकांना निमित्तच हवं असतं.”

“आणि तो काय म्हणतो?”

“काल भात करपला, तर स्वतःच हसत बसले. मलाच कसंतरी होतं हो. तुमच्यादेखत तुमचा मुलगा ओट्यापाशी उभा...”

“माझ्यादेखत उभा राहिला, म्हणून तर बघायला मिळालं.”

“तुमचाही मोडला होता ना हात, हे लहान असताना?”

“मोडला होता की. डाव्या हाताने रेटलं सगळं. स्वयंपाक, धुणं, आला-गेला. घरीदारी केवढं कौतुक झालं माझं! त्या कौतुकापायी पुढे जन्मभर कुणी स्वतःचा पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही.”

“मला नव्हतं माहीत हे.”

“हे बघ, आत्ता कुठे भातापर्यंत आलाय तो. भाजी अजून राहिलीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे ऊठ, नंबर आला आपला. आत गेलीस की म्हण, अजून दुखतंय.”