बुच्या फूचं शीर

…बसा ताईसाहेब, त्या बांबूच्या मोळीवरच बसा, खुर्चीवर खळ सांडलीय, उठताना खुर्ची बरोबर येईल. आणि होडीची काळजी नको — या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्यासारखी कागदी होडी बांधणारा दुसरा माणूस नाही. म्हणजे होता, पलीकडच्या खाडीतला लिउंग, त्याच्या होड्या माझ्यापेक्षा सरस असायच्या, पण तो गेल्या थंडीत वारला. त्याच्या तेराव्या दिवसापासून पहिला नंबर माझा. हसलात? हसा. तुमचे वडील असेच हसायचे, तोंड न उघडता. — तर दोन सांगितल्या होत्यात, दोन्ही तयार. ही मोठी साहेबांची. तीन डोलकाठ्या, बारा तोफा, चहाची किटलीसुद्धा ठेवलीय मागे. डोलकाठीवर सरकारी ड्रॅगनचं निशाण, आणि हे बघा, इकडे या, आत वाकून बघा — तळाशी घडी घालून आमचं जुनं, चाचेगिरीतलं ठिगळाचं निशाण. कोणाला दिसणार नाही. परवा सातव्या महिन्याची पौर्णिमा, होडी जळली की दोन्ही निशाणं त्यांना पोचतील. कुठलं लावायचं ते त्यांचं ते बघतील.

तुम्हाला घरी काय सांगितलंय? बाबा आरमारात होते, एवढंच ना? खरंच आहे. आधी बारा वर्षं आरमाराच्या समोर, मग वीस वर्षं आरमाराच्या आत. तुमच्या वडिलांचं नाव, मोक यिन-पांग, नुसतं म्हटलं की मिठाची गलबतं आपणहून शिडं उतरवायची. आम्ही त्याला दादा म्हणायचो. मग बादशहाची माफी आली, दोनशे माणसं, सतरा गलबतं, सगळी वाळूवर गुडघे टेकून बसलो, आणि उठलो तेव्हा दादाच्या डोक्यावर टोपी होती, टोपीवर हुद्द्याचा मणी होता, आणि आम्ही त्याला साहेब म्हणायचं होतं. पहिल्याच महिन्यात मी तो मणी काढून तिथे साखरेत घोळवलेलं बोर चिकटवलं. कचेरीत तासभर बसला तसाच, मुंग्या चढल्या तेव्हा कळलं. मला वीस फटके मारायचा हुकूम झाला, आणि मारणाऱ्याला हसू आवरेना म्हणून बाराच मोजले. असा माणूस होता. नाही, चांगला होता. मी तर म्हणतो चांगलाच होता.

काय म्हणालात? आईसाहेबांच्या स्वप्नात? — अस्सं. तीन वर्षं दर सातव्या महिन्यात होडी जाळताय, आणि साहेब अजून अलीकडच्या काठावरच उभे. होडी पोचते, पण तीत आधीच कोणी बसलेला असतो. उतरत नाही. म्हणून ही दुसरी, त्या बसलेल्यासाठी. त्याला त्याची होडी मिळाली की तो साहेबांची सोडेल, बरोबर. शहाण्या आहेत आईसाहेब. पण ताईसाहेब, या धाकटीच्या कपाळावर माणसाचं नाव लिहावं लागतं, नावाशिवाय जाळलेलं कुणालाच पोचत नाही, वाटेतली भुकेली भुतं लुटून नेतात. कोण बसलाय म्हणाले साहेब? काही बोलत नाहीत? मग मला कसं माहीत असणार. मी खळ लावणारा माणूस.

डावा कान नाही? असं दिसलं त्यांना? — मग सोपं झालं. तो बुचा फू. फू तिन-सौ, साहेबांचा शपथेचा भाऊ, एकाच वाडग्यातून कोंबड्याचं रक्त प्यालेले दोघे. त्याचा डावा कान लहानपणी डुकरानं खाल्ला होता. माफी आली तेव्हा तो वाळूवर आला नाही, मी कुणापुढे गुडघे टेकणार नाही म्हणाला, आणि वरून हुकूम आला की ज्यानं बाकीचे आणले त्यानंच हाही आणावा, शीर आणावं, नाहीतर स्वतःचं द्यावं. आणलं साहेबांनी. त्याच शिरासाठी टोपीला मोराचं पीस मिळालं, आणि ती पाटी, तुमच्या दिवाणखान्यात आहे ना, 'समुद्र शांत केला' — ती त्याचीच. द्या तो कुंचला. फू तिन-सौ. तीन अक्षरांत संपतं.

का? हात का धरला? — फूचं पत्र आलंय. कुठून, अन्नामहून. यंदाच्या वसंतात. नातवाकडून लिहून घेतलंय. बरं बरं. म्हणजे अजून जिवंत आहे डुक्कर. बरं झालं तुम्ही हात धरलात, जिवंत माणसाच्या नावानं होडी जाळली असती तर तिकडे बसल्या जागी त्याला हुडहुडी भरली असती. गंमत केली हो. मला माहीत होतं, मी गंमत केली.

तर मग ऐकूनच जा. साहेबांनी फूला एका बेटावर गाठलं, दोघं रात्रभर रडले, पहाटे साहेबांनी त्याला सहा गोणी तांदूळ देऊन दक्षिणेला पिटाळलं. आता शीर कुठून आणायचं? महिन्याची मुदत. शिरं कोणाची ते सांगायला कचेरीनं ठेवलेला माणूस मी. चेहरे मला पाठ, म्हणून मला अक्षरं शिकवली, तेवढीच, माणसांची नावं. चुन्याची टोपली यायची, मी झाकण काढायचो, बघायचो, फळीवर नाव लिहायचो. एक्केचाळीस टोपल्या. चाळीस नावं बरोबर लिहिली, शपथेवर सांगतो. आमचेच होते सगळे, शरण न आलेले. एकानं मला पोहायला शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात एक कालवंवाला आला गलबताला होडी लावून. कालवं विकायला. फूएवढाच उंच, फूसारखीच मान, पुढे काढून चालायचा. साहेबांनी हुकूम दिला नाही. हे तुम्ही नीट ध्यानात ठेवा, पाहिजे तर आईसाहेबांना सांगा. ते फक्त म्हणाले, 'फूएवढाच आहे नाही हा?' आणि पाठ फिरवून शिडाकडे बघत बसले. बाकीचं सगळं आम्ही ऐकलं, न बोललेलं. कान मी कापला. हात माझा हलका. पण ताजी जखम कचेरीतल्या वैद्याला ओळखू येते, आणि फूची तर तीस वर्षांची जुनी, म्हणून वीस दिवस —

काही नाही. वीस दिवसांची मुदत राहिली होती, तेच म्हणत होतो.

असं बघू नका. तुमच्या बापासारखं बघताय. — बरं, वीस दिवस ठेवला. भरायला तेवढे लागतात. हळद लावायचो, राख लावायचो, उन्हात बसवायचो. पळून का नाही गेला? कुठे जाणार, समुद्रात? आणि आम्ही त्याला सांगितलं होतं ना, मीच सांगितलं, की कान ही आमच्यात भरती व्हायची खूण आहे, आता तू सरकारी नाविक, महिन्याला तांदूळ मिळेल. विश्वास बसला त्याचा. माझ्या थापांवर सगळ्यांचाच बसायचा. रताळ्याची पेज दोन वेळा, वर खारवलेलं बदकाचं अंडं, अर्धं त्याला अर्धं मला. अंड्यातला पिवळा भाग मला द्यायचा, मला आवडतो म्हणून. फासे खेळायचो. मी खोटे फासे वापरायचो, त्याला चौथ्या दिवशी कळलं, तरी खेळत राहिला, मी हात कसा फिरवतो ते बघायला. जोरात हसायचा. हसताना त्याची भरत आलेली जखम ओढ घ्यायची, मग हात लावून बघायचा आणि विचारायचा, 'झाली का रे खूण पक्की?' मी म्हणायचो, होतेय. एकविसाव्या दिवशी झाली.

नाव? नाही. आम्ही बुच्याच म्हणायचो त्याला. वीस दिवस काय, वीस वर्षं लोक एकमेकांना टोपणनावानं हाक मारतात, तुमच्या गल्लीत नाही का? गाव कुठलं तेही नाही विचारलं. कालवंवाले इतके असतात. घरी कोणी असेल, असणारच, कालवंवाल्याच्या होडीत एक लहान मुलाची चप्पल होती, गवताची, ती मी — ते जाऊ दे.

येतो ना. इथेही येतो. तुम्हाला वाटलं तुमच्याच आईच्या स्वप्नात? दर सातव्या महिन्यात, भरदुपारी, तिथे, त्या कागदी नोकरांच्या रांगेत उभा राहतो. मी नोकर बनवतो, दासी बनवतो, घोडेवाले बनवतो, आणि डावा कान चिकटवायचा राहतो. दरवर्षी. गिऱ्हाईक विचारतं, अहो कान? मी म्हणतो, मेलेल्या मालकाचं ऐकायला एक पुरे. हसतात, घेऊन जातात. हे बघा, हे सातही तसेच. काल बसून सगळे मोजून चिकटवले होते, काल. आज नाहीत.

बोलत नाही तो काही. हात पुढे करतो फक्त. कधी रिकाम्या हातानं पाठवला नाही मी त्याला, एक वाटी पेज ठेवतो, अर्धं अंडं ठेवतो, पण नाव न घेता ठेवलेलं तोंडाशी नेलं की विस्तव होतं म्हणतात, त्याला काय करणार. आणि खरं सांगू का, बरंही आहे एका अर्थी. तिकडे खाली कचेरी असते ताईसाहेब, आपल्या कचेरीहून कडक, जिवंतपणी कोणी काय केलं ते सगळं तिथे सुनावणीला येतं. पण फिर्यादीला नाव लागतं. बिननावाच्या माणसाची फिर्याद घेत नाहीत. तीन देवळांत विचारून घेतलंय मी, तिन्ही पुजाऱ्यांनी एकच सांगितलं. मी शहात्तर वर्षांचा, आज ना उद्या तिकडेच निघालोय. साहेब पुढे गेले ते मोराचं पीस लावून गेले, त्यांना कोण काय विचारणार. मला विचारतील. — तसं नाही, तसं नाही हो, माझ्यासाठी म्हणून मी काही लपवलंय असं नाही. नाव माहीतच नाही तर लपवणार काय.

तेव्हा असं करू, या धाकटीवर मी 'समुद्रातला भाऊ' असं लिहितो, सुंदर अक्षरात. पोचली तर पोचली. नाही पोचली तर आईसाहेबांना म्हणावं, झोपताना उशी बदलून बघा. पैसे नकोत, साहेबांच्या लेकीकडून घेणार नाही. घ्या, उचला, खालून धरा, कडा ओल्या आहेत अजून. उचला ना. कशाला बसून राहिलात? मी सगळं सांगितलं, याउपर माझ्यापाशी काही नाही.

"लो काका, बाबा शेवटच्या आठवड्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या वीस दिवसांत तुम्ही त्या कालवंवाल्याला त्याचं स्वतःचं नाव लिहायला शिकवलंत. ओल्या बोटानं, गलबताच्या फळ्यांवर. वाळलं की तो पुन्हा लिहायचा, आणि बरोबर आलं का ते तुम्हाला दाखवायचा."