आतून कडी

आमच्या शीतलचं तुम्हाला कधी सांगितलंच नाय वाटतं! कॉलेजात मी मुलींच्या कबड्डी संघात होते आणि ही गारखेड्याची शीतल आमची कॅप्टन. मैदानावर मुलींना कपडे बदलायला जागाच नव्हती. दोघींनी चादर धरायची, तिसरीनं मागं बदलायचं. वारा सुटला की तिघीही किंचाळायच्या.

त्या वर्षी आम्ही विद्यापीठात पहिल्या आलो. सत्काराला प्राचार्य लई खूश होते. म्हणाले, "मुलींनो, मागा काय पाहिजे ते!"

आम्हाला वाटलं, शीतल ट्रॅकसूट मागंल. ती माईकजवळ गेली आणि म्हणाली, "सर, एक खोली द्या. आतून कडी लागणारी."

मागं बसलेल्या मुलींनी ज्या टाळ्या सुरू केल्या, त्या थांबंचनात.

आठवड्याभरात मैदानाजवळची अडगळीची खोली रिकामी झाली, दाराला कडी बसली. पहिल्या दिवशी आम्ही साऱ्याजणी आत शिरलो आणि शीतलनं कडी लावली. कपडे बदलून झाले, तरी कुणी बाहेर निघंना.

कोच बाहेरून ओरडले, "अगं, प्रॅक्टिस करायची का नाय?"

शीतल आतून म्हणाली, "थांबा की सर जरा! बंद दार बघायलोत आम्ही."